फास्टर फेणेला कव्हर कशाला?

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले होते, की ताप आला, अंग मोडून आलं की मी अजूनही मुलांचीच पुस्तकं उशाशी घेऊन पडते, तुमच्यापैकी कोणी करतं का असं? त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, जवळजवळ प्रत्येकाने कुठे ना कुठे "माझं नाव नका छापू" असं लिहिलंय. म्हणून नावं काढलीयेत, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न (डोंबिवली): ताई, वय ४३, बँकेत नोकरी, रोजचा लोकलचा प्रवास. मुलासाठी फास्टर फेणेची पुस्तकं आणली होती, त्याने दोन पानं चाळून ठेवून दिली, एका रविवारी मी सहज एक उचललं आणि मग थांबताच येईना. आता रोज गाडीत वाचतो, सीट मिळाली तर बसून नाहीतर दांड्याला धरून एका हाताने. मागच्या महिन्यात लंच टाइमला एका सहकाऱ्याने माझ्या बॅगेतलं पुस्तक बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, पोराचं पुस्तक घेऊन आलास? मी बोललो, हो रे, चुकून बॅगेत राहिलं. तेव्हापासून पेपरचं कव्हर घालून वाचतो. बायको म्हणते प्रमोशनची परीक्षा तोंडावर आलीये, वाचायचंच आहे तर काहीतरी उपयोगाचं वाच. माझं वाचन वयाप्रमाणे वाढलंच नाही का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं काम काय केलं तर माझ्या कपाटातला जुना फाफे काढला. पाठीला खाकी चिकटपट्टी, पहिल्या पानावर माझ्या धाकट्या भावाने शाईच्या पेनने घातलेलं नाव, ते खोडून त्याखाली मी घातलेलं माझं नाव, आणि परत माझं खोडून त्याचं. या पुस्तकासाठी आम्ही भांडलोय हो. आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात की चुकून बॅगेत राहिलं! मला त्या "चुकून"चं फार वाईट वाटलं. ज्याच्याबरोबर रोजचा प्रवास चाललाय त्याला ओळख दाखवायची नाही, असं झालं ना ते.

बरं, कव्हर घालणारे तुम्ही पहिले नाही. हॅरी पॉटरचा पहिला भाग इंग्लंडमध्ये १९९७ ला आला आणि पुढच्याच वर्षी, १९९८ ला, प्रकाशकांनी त्याची मोठ्यांसाठी म्हणून वेगळी आवृत्ती काढली. आत अक्षर न् अक्षर तेच, फक्त वरचं रंगीत चित्र काढून तिथे वाफेच्या इंजिनाचा गंभीर दिसणारा काळा-पांढरा फोटो टाकला. म्हणजे तिकडेही लोकांना गाडीत वाचायचं होतंच आणि शेजारचा काय म्हणेल ही भीतीही होतीच, तुमच्या पेपरच्या कव्हरचं काम तिथे प्रकाशकानेच करून दिलं.

याच्या उलट बंगालमध्ये बघा. सत्यजित रायांचा फेलुदा हा गुप्तहेर १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात आला, हे मासिक त्यांच्या आजोबांनी १९१३ मध्ये सुरू केलेलं. आणि पाचच वर्षांत, १९७० ला, फेलुदाची अख्खी कादंबरी 'देश'च्या पूजा अंकात छापून आली. 'देश' म्हणजे तेव्हाचं मोठ्यांचं, चांगलं भारदस्त साहित्यिक साप्ताहिक, आपल्याकडच्या नावाजलेल्या दिवाळी अंकांच्या पंक्तीतलं. तिथे घराघरांत आजोबा, मामा, कॉलेजातली पोरं सगळे एकच अंक ओढून घेऊन वाचायचे आणि कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याकडे मात्र "हे काय, मोठा झालास ना आता" हे वाक्य आठवी-नववीतच कानावर येतं आणि मग आपण एकदम त्या कपाटाकडे पाठच फिरवतो. (फेलुदा मराठीत अशोक जैनांनी आणलाय, रोहन प्रकाशनाने काढलाय, फाफे संपला की तिकडे वळा.)

आता वाचन वाढलं का नाही ते. फाफे लिहिणारे भा. रा. भागवत, हा माणूस १९१० चा, जूल व्हर्न मराठीत आणलेला, मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवलेला. त्यांची वाक्यं मोठ्याने वाचून बघा कधी घरी, एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याला फार काटेकोर राहावं लागतं, कारण मोठा माणूस कंटाळा आला तरी पैसे दिलेत म्हणून, लेखकाचं नाव मोठं आहे म्हणून रेटत राहतो, पोरगं मात्र तिसऱ्या पानावर कंटाळलं की पुस्तक खाली ठेवून खेळायला जातं, त्याला लेखकाची भीड नसते. म्हणून चांगल्या बालपुस्तकात फापटपसारा राहतच नाही. दिवसभर सर्क्युलर आणि लोनच्या फाइली वाचणाऱ्या माणसाला असं स्वच्छ मराठी वाचावंसं वाटलं तर ते चांगल्या कानाचं लक्षण आहे.

आणि अजून एक, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. लहानपणी आपण फाफेच्या सायकलवर डबलसीट बसलेलो असायचो, ट्टॉक झालं की आपलीही जीभ टाळ्याला लागायची. आता वाचताना मध्येच मनात येतं, अरे हा पोरगा एवढ्या लांब चाललाय, घरी सांगून निघालाय का? ही काळजी दहाव्या वर्षी नव्हती. तुमचं वाचन वाढलंय दादा, पुस्तकाच्या आतच वाढलंय.

परीक्षेचं मात्र वहिनींचं बरोबर आहे, पण त्याचा अभ्यास घरी टेबलावर करा, गाडीतला तास तुमचा. आणि उद्या ते पेपरचं कव्हर काढून टाका. सहकाऱ्याने परत विचारलं तर पुस्तक त्याच्या हातात द्या आणि पहिलं प्रकरण वाच म्हणा, बाकी काही बोलू नका.

प्रश्न (कोल्हापूर): मी दोन मुलांची आई, वय ३८. शाळेत असताना 'श्यामची आई' वाचून खूप रडले होते, सगळेच रडतात. आता परत वाचायला घेतलं, मुलांसाठी नाही, माझं मलाच वाटलं म्हणून. रडू तर आलं पण भलत्याच ठिकाणी. जिथे आधी रडायचे तिथे काहीच नाही आणि जे प्रसंग आठवतही नव्हते तिथे घशात आवंढा. पुस्तक तेच आहे ना? कधीकधी श्यामचा रागही आला, एवढे लाड? मला असं वाटणं बरोबर आहे का, का मीच कोरडी झालेय?

उत्तर: अगं कोरडी कसली, तू जागा बदललीस फक्त. आधी तू श्यामच्या शेजारी बसून वाचत होतीस, आता आईच्या शेजारी बसलीयेस. एकाच घरात पण दुसऱ्या खोलीत.

तो पायांचा प्रसंग घे ना. आंघोळ झालेली, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरून धोंड्यावर उभा, मला तुझ्या ओच्यांवर पाय ठेवू दे म्हणतो आणि ती खरंच आपलं लुगडं धोंड्यावर पसरते. शाळेत आपल्याला त्यातलं शेवटचं वाक्य शिकवलं, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसंच मनालाही लागू नये म्हणून जप. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न यायचा, संदर्भासहित स्पष्टीकरण. पण ओलं लुगडं अंगावर घेऊन त्या बाईला पुढची कामं उरकायची असणार, हे आपल्याला दहाव्या वर्षी दिसलं नव्हतं. तुला आता दिसलं कारण तू रोज सकाळी दोन पोरांची आंघोळ, डबे, रिक्षा हे सगळं करून स्वतः ओल्या केसांनी बाहेर पडत असशील.

तसंच त्या कर्जाचं. लहानपणी तो भाग मी भराभर पानं उलटून संपवायची, सावकार, वसुली, काय कळत नव्हतं आणि कंटाळा यायचा. आमच्या घरी एकदा हप्ते थकले, वसुलीवाल्याचा फोन वाजला की सगळे गप्प बसायचे, त्यानंतर मी ती प्रकरणं वाचली आणि मला पुढे वाचवेना. दारात उभा राहून कोणीतरी अपमान करतंय आणि घरातली बाई ते ऐकतेय, हे मुलांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं इतकी वर्षं आणि मला ते पानच माहीत नव्हतं म्हणायचं.

आणि हे पुस्तक लिहिलं कोणी, कुठे, ते पण आता वेगळं वाटेल बघ. १९३३ चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग, साने गुरुजी ३३ वर्षांचे, आई जाऊन पंधरा वर्षं होऊन गेलेली, आणि चार-पाच दिवसांत हा माणूस सगळं लिहून काढतो. तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेला एक तरुण माणूस कोठडीत बसून आईची आठवण काढतोय. म्हणजे ते मुलांच्या हातात दिलं जात असलं तरी एका मोठ्या माणसाचंच दुःख आहे. मग मोठ्या माणसाने ते वाचायला वयाची आडकाठी कसली.

श्यामचा राग आला तर येऊ दे. तुझ्या पोरांचा पण येतोच की.

प्रश्न (नगर): मुलगी नववीत आहे. अजून लहान मुलांचीच पुस्तकं आणि चिंटूचे अल्बम घेऊन बसते. कितीदा सांगितलं की आता मोठ्यांचं साहित्य वाच. काढून घेऊ का ती पुस्तकं?

उत्तर: नका काढून घेऊ, प्लीज. चिंटू १९९१ पासून रोजच्या पेपरात यायचा आणि घरात पेपर आधी मोठ्यांच्याच हातात पडायचा, म्हणजे चिंटूचे पहिले वाचक मोठेच होते. तुम्हाला जे तिने वाचावंसं वाटतं ते आणून दिसेल असं ठेवा, त्यावर बोलू नका, शक्य असेल तर तुम्ही स्वतः ते तिच्यासमोर वाचत बसा. काढून घेतलेल्या पुस्तकाची आठवण फार वर्षं राहते आणि काढून घेणाऱ्याचीही.

प्रश्न (सातारा जिल्हा): मी ७१ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. दीड वर्षापूर्वी मंडळी गेल्या. आयुष्यभर मोठमोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या, आता दहा पानं वाचली की काय वाचलं ते आठवत नाही, तीच ओळ परत परत वाचतो. सुट्टीत नात आली होती, ती तिचं एक चित्रांचं पुस्तक इथे विसरून गेली. दुपारी सहज बघितलं, मग रोजच दुपारी बघायला लागलो. सूनबाईंनी हे पाहिलं आणि मुलाला फोन केला की बाबा लहान मुलांसारखं करायला लागलेत. मलाही शंका यायला लागली. हे बरं नव्हे का? आणि बरं असेल तर अजून कोणती आणू?

उत्तर: काका, तुमचं पत्र चार पानी, सुवाच्य, तारखेसकट, एकही खाडाखोड नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा रोजच्या गोष्टी विसरायला होत असतील, औषध घेतलं का नाही, गॅस बंद केला का, तर एकदा जरूर दाखवून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण निव्वळ चित्रांचं पुस्तक बघितलं म्हणून डोकं मागे चाललं असं अजिबात नाही. घरातलं जोडीदाराचं माणूस गेलं की लक्ष लागत नाही, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत बघितलंय, त्यांना तर पेपरही वाचवेना. पाचशे पानी कादंबरीला मनाचा जो मोकळा पैस लागतो तो काही काळ नसतोच हो माणसाकडे.

चित्रपुस्तक पंधरा-वीस पानांत आटपतं. सुरू केलेलं संपतं, हेच केवढं असतं त्या दिवसांत. शिवाय त्यात शब्द कमी म्हणून ते कमी असं नसतं, अर्धी गोष्ट चित्रात असते आणि ती आपल्याला वाचावी लागते. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणा, त्यांचं बरंचसं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलंय. लिहितात त्याच आणि चित्रंही बऱ्याचदा त्यांचीच. 'राधाचं घर' आणा, घरातली माणसं एकेक करून येतात त्यात. साधी घरं असतात त्यांच्या चित्रांत, तुमच्या-आमच्यासारखी, माणसं बसतात-उठतात तशीच काढलेली. तुमच्यातला शिक्षक जागा असेल तर 'वाचू आनंदे'चे चार भाग बघा, बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन, मराठीतले चांगले चांगले उतारे आणि शेजारी आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांची चित्रं. एक उतारा, एक चित्र, बस झालं एका दुपारला.

तुमच्या वयाच्या माणसाला चांदोबा माहीत असणारच. मराठीत तो १९५२ ला सुरू झाला, म्हणजे तुम्ही वाचायला शिकलात तेव्हा घरोघरी येत असणार. त्यातलं विक्रम-वेताळाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. शंकर नावाच्या चित्रकाराने ते कितीतरी वर्षं काढलं, २०२० मध्ये ९६ व्या वर्षी ते गेले. मिळाला कुठे जुना अंक तर वेताळाचे प्रश्न परत वाचा. या तिघांत जास्त त्याग कोणाचा, चूक राजाची का सेवकाची, असले प्रश्न आहेत ते, पोराटोरांचे नाहीतच. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. सत्तरीनंतर या अटीचा अर्थ जो लागतो तो लहानपणी लागणं शक्यच नव्हतं.

सूनबाईंना एक विनंती, हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांनी काळजीने फोन केला, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. एखाद्या दुपारी त्यांनी पाच मिनिटं शेजारी बसून तेच पुस्तक तुमच्याबरोबर बघावं, इतकंच. आणि नातीला फोन करून सांगा की तुझं पुस्तक माझ्याकडे आहे, पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा देईन, तोवर मी वापरतोय.

प्रश्न (फोंडा, गोवा): मी प्राथमिक शिक्षिका. लहानपणी परीकथांची जुनी पुस्तकं माझा जीव की प्राण होती. परवा तीच परत वाचली आणि मन विटलं. चांगली ती गोरी, वाईट ती काळी नाहीतर कुरूप, सावत्र आई म्हटली की दुष्टच. माझी मुलगी सावळी आहे. माझ्या वर्गात दोन मुलं सावत्र आईबरोबर राहतात आणि त्या बाया फार मायेने करतात त्यांचं. मग मला लहानपणी आवडलं ते काय होतं? टाकून देऊ का सगळं?

उत्तर: टाकून देऊ नका, पण तुम्हाला जे खटकलंय ते खरंच खटकण्यासारखं आहे, ते पांघरूण घालून झाकू पण नका. तुम्हाला लहानपणी जे आवडलं ते जंगलात हरवणं आणि परत घर सापडणं होतं, असं मला वाटतं. गोरेपण त्याच्याबरोबर फुकटात आलं आणि आपल्या आत बसलं, ते आता काढायचं काम आपल्याच वाट्याला.

एक सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. हिमगौरीची गोष्ट ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा त्यात तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. सावत्र आई आली १८१९ च्या आवृत्तीत. आईबद्दल असं कसं लिहायचं, म्हणून दोष सावत्र आईवर ढकलला गेला. म्हणजे ही गोष्ट काही दगडावर कोरलेली नव्हती, मोठ्यांनी त्यांच्या सोयीने बदललेली आहे. एनिड ब्लायटनच्या नॉडीच्या इंग्रजी पुस्तकांत काळ्या चेहऱ्याचे बाहुले खलनायक होते ते पण नंतरच्या आवृत्त्यांतून काढलेच. मग वर्गात सांगताना तुम्ही का नाही बदलायची? हिमगौरीचा रंग सांगूच नका, किंवा मुलांनाच विचारा ती कशी दिसत असेल, आणि जे चित्र काढतील ते भिंतीवर लावा.

मी स्वतः माझ्याकडची अशी दोन-तीन पुस्तकं मुलांच्या कपाटातून काढून माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवलीयेत. मोठ्या माणसाने वाचायची बालपुस्तकं म्हणून. मोठं होऊन ही पुस्तकं परत वाचायची ती नुसत्या गोड आठवणींसाठी नाही, आपल्या डोक्यात काय काय भरलं गेलंय ते बघायला पण वाचावीत.

प्रश्न (न्यू जर्सी): लहानपणी औरंगाबादला आमच्याकडे रशियन पुस्तकं होती, मराठीतली. जाड गुळगुळीत कागद, छान चित्रं, आणि किंमत अगदी किरकोळ. बाबा प्रदर्शनातून आणायचे. त्यातलं 'देनिसच्या गोष्टी' माझं सगळ्यात लाडकं. घर बदलताना सगळं रद्दीत गेलं, मी तेव्हा हॉस्टेलला होते, मला कोणी विचारलंही नाही. आता मी पन्नाशीला आले, मुलगा इंग्रजीच वाचतो, म्हणजे मुलासाठी हवंय असं खोटं सांगत नाही, मला स्वतःला हवंय. काजव्याची गोष्ट परत वाचायचीये. कुठे मिळेल?

उत्तर: "मला स्वतःला हवंय" या तीन शब्दांसाठी तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतक्या पत्रांत हे स्पष्ट लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या.

ती पुस्तकं सोव्हिएत युनियनमधूनच छापून यायची आणि इथे लोकवाङ्मय गृहासारख्या ठिकाणी, प्रदर्शनांत विकायला असायची. सरकारी मदत असल्यामुळे इतकी स्वस्त की शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरातही दहा-वीस सहज असायची. १९९१ ला तो देशच संपला आणि ती पुस्तकं यायची बंद झाली. देनिस मराठीत अनिल हवालदारांनी आणला, मूळ लेखक व्हिक्टर द्रागुन्स्की.

काजव्याची गोष्ट मी पण मागच्या वर्षी परत वाचली. देनिस अंगणात आईची वाट बघत बसलाय, बाकीची मुलं आपापल्या घरी चहा प्यायला गेली, अंधार पडला तरी आईचा पत्ता नाही. मग मिश्का येतो आणि त्याला देनिसचा नवा कोरा टिपर ट्रक हवा असतो, त्याच्या बदल्यात तो काड्यापेटीतला काजवा देतो. आई येते, म्हणते, एवढी महागाची गोष्ट देऊन किडा घेतलास? आणि तो सांगतो की हा जिवंत आहे ना, आणि उजेड देतो. लहानपणी मला हा सौदा एकदम पटलेला, मी पण दिला असता ट्रक. या वेळी मी अडकले ती आईच्या उशिरावर. कुठे अडकली असेल ती, बस मिळाली नसेल, दुकानात रांग असेल, पोरगं अंधारात एकटं असेल हे तिच्या डोक्यात असेलच ना सगळा वेळ. माझा मुलगा लहान असताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून मी कितीदा घड्याळ बघितलंय, पाळणाघराच्या पायरीवर तो बूट घालून बसलेला असायचा, दप्तर मांडीवर. ती गोष्ट मी बंद करून दहा मिनिटं तशीच बसले होते.

आता मिळण्याचं. अरविंद गुप्तांची वेबसाइट बघा, जुनी सोव्हिएत बालपुस्तकं आणि भरपूर मराठी पुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट आहेत, एकेक शोधत बसावं लागेल पण बसा. 'किशोर'ची आठवण असेल तर १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवलेत, तुमच्या जन्माच्या आसपासचा दिवाळी अंक काढून बघा, रात्र कशी जाते कळणार नाही. नवीन काही हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, त्यावर मराठी गोष्टी आहेत. आणि सुट्टीत पुण्यात आलात तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे नाव सांगून ठेवा, फोन नंबर देऊन ठेवा, ते लक्षात ठेवतात. मला माझी प्रत अशीच दोन वर्षांनी मिळाली, विक्रेत्याने फोन करून सांगितलं, बाई तुमचा तो रशियन पोरगा आलाय.

तोवर मीच माझी प्रत पाठवते. कव्हर गेलंय, शिवण सैल झालीये, मधलं एक पान निम्मं फाटलंय पण मजकूर वाचता येतो. संपादकांकडे पत्ता कळवा. घाई नाही, सावकाश वाचा, पण परत पाठवा.